आतून न उघडणारं दार

बाईंना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. नव्या मुलांना हे कळायला एखादं सत्र जायचं. जुनी मुलं मात्र ओळखून असायची. बाईंचं बोलणं ऐकायला पुढे झुकावं लागलं, म्हणजे आज कोणाची तरी धडगत नाही.

संचालक हे त्या जुन्या मुलांपैकीच एक. म्हणून त्या सकाळी टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाई जेव्हा अगदी हळू म्हणाल्या, "काय म्हणालात, पुन्हा सांगा," तेव्हा त्यांनी नकळत आपली खुर्ची जराशी मागे घेतली.

"चौकशी समिती, बाई. तिघांची. लेखापाल, खेळाचे सर आणि तुम्ही. अध्यक्ष तुम्हीच. मुलींचा तुमच्यावर विश्वास आहे."

"चौकशी कसली?"

"वसतिगृहाचं दार तोडलं त्याची."

"दार तोडलं त्याची," बाई म्हणाल्या. "दार बंद होतं त्याची नाही."

संचालक हसले. हे हसू बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. वीसेक वर्षांपूर्वी हा मुलगा त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण' नं करायचा. 'पण बाई, समजा राजा चांगला असेल तर?' 'पण बाई, लोकांनाच नको असेल स्वातंत्र्य, तर?' बाईंनी त्याचं नाव पण-पण ठेवलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं. वाद अर्धा सोडून तो कधी घरी गेला नाही. घंटा झाली तरी बाईंच्या मागे मागे जिन्यापर्यंत यायचा. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं, असं बाई तेव्हा घरी सांगायच्या.

"बाई, तुम्हीच शिकवलंत," संचालक आता म्हणाले. "माणसं आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग देऊन टाकतात आणि बदल्यात सुरक्षितता घेतात. करार. प्रवेश घेताना या मुलींनी नियम मान्य केले. सातनंतर दार बंद. मी माझी बाजू पाळली, त्यांनी मोडली. तिघी पुढाऱ्या होत्या, तिघींना काढायचं. तुमच्या विषयात बसतं ते सगळं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा विषय म्हणजे 'पाश्चात्त्य राजकीय तत्त्वज्ञानाची ओळख'. पहिल्या वर्षाच्या मुलांना ऐच्छिक. निम्मी मुलं तो घ्यायची कारण त्याची वेळ सोयीची होती, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्यांनी तो कधी उरकला नव्हता. माणसानं माणसाची आज्ञा का पाळावी, हा प्रश्न दोन अडीच हजार वर्षं डोक्यात घेऊन जगलेल्या माणसांची त्या आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी ओळख करून द्यायच्या. कोण भित्रा होता, कोण हट्टी, कोणाला तुरुंगात जावं लागलं, कोण राजाच्या मुलाला शिकवून पोट भरायचा. आणि त्या सगळ्यांचं सार आज हा माणूस कुलपाच्या समर्थनाला वापरत होता. तेही अर्धवट.

नाही म्हणून उठून जावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपण उठलो तर अध्यक्षाच्या खुर्चीत लेखापाल बसेल आणि आठवडा संपायच्या आत मुली घरी जातील, हेही त्यांना दिसलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "करते मी चौकशी."

झालं होतं ते असं.

वसतिगृह महाविद्यालयाच्याच मागच्या बाजूला होतं. वर सभागृह आणि संचालकांचं कार्यालय, खाली मुलींच्या खोल्या. मागल्या वर्षी काही पालकांच्या तक्रारी आल्या, तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता मुलींच्या मजल्याच्या दाराला बाहेरून कुलूप लागू लागलं. एक किल्ली वॉर्डनबाईंकडे, दुसरी संचालकांकडे. त्या मंगळवारी वर मोठे पाहुणे यायचे होते म्हणून दोन दिवस आधीपासून मुलींच्या बोळातही रंगकाम चाललं होतं. खिडक्यांना जाळ्या, दार बंद, आणि आत ओल्या रंगाचा वास कोंडलेला.

पहिल्या वर्षातली एक मुलगी होती. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिला दम्याचा त्रास होता. जेवणाआधीच तिचा श्वास अडकायला लागला. पंप ओढून झाला, मैत्रिणीचा जुना पंपही ओढून झाला, ओठ निळे पडायला लागले. मुलींनी दार बडवलं. बाहेर रखवालदार होता, त्याच्याकडे किल्ली नव्हती. वॉर्डनबाई बहिणीकडे गेलेल्या, फोन उचलत नव्हत्या. रखवालदार जिन्यानं वर गेला, खाली आला आणि दाराजवळ नुसता उभा राहिला. आतून त्याला विचारलं तर म्हणाला, "थोडं थांबा म्हणतायत."

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, तिला टिटवी म्हणत. तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ती थांबली नाही. तिनं आणि आणखी दोघींनी बोळातलं लोखंडी बाक उचललं आणि दारावर घातलं. चौकट फाटली, वरची काच खाली आली, कुलूप कडीसकट निखळलं. चिमणीला उचलून त्या रस्त्यावर आल्या. पावाची गाडी चालली होती, तिला आडव्या झाल्या आणि तिच्यातूनच दवाखान्यात पोचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मला सांगण्यासारखं काही उरलं नसतं. दुसऱ्या दिवशी चिमणीचे वडील आले आणि तिला घरी घेऊन गेले.

आणि चौकशी दाराची.

घरी नवरा मागच्या खोलीत कामात होता. तो कवळ्या बनवायचा. मेणात एकेक दात बसवताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. बाई दारात उभ्या राहून सगळं एका दमात बोलल्या.

"जबडा आवळू नकोस," तो वर न बघता म्हणाला. "तुझे अजून खरे आहेत."

"विनोद नको."

"बरं, नको." त्यानं हातातला दात खाली ठेवला. "पण अगं, तू अध्यक्ष होऊन त्याचं काम सोपं करतेयस. बाईंनी काढल्या म्हटल्यावर कोण बोलणार?"

"न होऊन आणखी सोपं केलं असतं."

"मग भांडण कर."

"करणारच आहे," बाई म्हणाल्या. पण कसं, ते त्यांना तोवर सुचलं नव्हतं.

ते सुचवलं टिटवीनं, आणि गोड शब्दांत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

"पुढच्या गुरुवारी तुम्हा तिघींना समितीपुढे यायचंय," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. मी आहे."

"मी येणार नाही."

"काय?"

"येणार नाही, बाई. ज्यानं कुलूप घातलं त्यानंच समिती नेमली. तिच्यापुढे मी का उभी राहू?"

"कारण मी त्या समितीत आहे."

"म्हणजे तुम्ही चांगल्या आहात म्हणून?" टिटवीचा आवाज खोलीभर झाला. पलीकडे पेपर तपासणाऱ्या गणिताच्या सरांनी मान वर केली. "तुम्हीच शिकवलंत ना, सत्ता चांगल्या माणसाच्या हाती आहे म्हणून निश्चिंत राहू नका? उद्या तो माणूस बदलतो, किंवा तोच माणूस बदलतो. आणि स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही, हे तर तुम्ही पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. परीक्षेला होतं ते. मला पूर्ण गुण दिले होते तुम्ही."

"उद्धटपणा करू नकोस."

"करते! वर्षभर ते कुलूप होतं, बाई. तुम्ही रोज त्याच्यासमोरून बसथांब्यावर जाता. आत्ता आलाय तुम्हाला राग!"

बाईंना वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढावं. कानशिलं तापली होती. ही कालची पोरगी आपल्याला आपलाच विषय शिकवतेय, आणि त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे बरोबर शिकवतेय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. राग गेला नाही, पण त्याचं तोंड फिरलं. समोर उभ्या असलेल्या मुलीवरून तो सरकला आणि जिथं जायला हवा होता तिकडे गेला.

"मग कशी समिती असली म्हणजे येशील?" त्यांनी विचारलं.

टिटवी या प्रश्नाला तयार नव्हती. मग म्हणाली, "दार उघडं ठेवून. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. आणि संचालक पण यायला हवेत. आमच्यासारखे, खुर्चीत. आम्ही उत्तरं द्यायची तर त्यांनीही द्यायची."

"आणि तसं झालं, आणि तरीही निकाल विरुद्ध गेला तर?"

टिटवीनं विचार केला. "मग मानू. आवडणार नाही. पण मानू."

"बस आता," बाई म्हणाल्या, आणि या वेळी ती बसली.

गुरुवारी सकाळी बाईंनी समितीची बैठक लहान खोलीतून उचलून तळमजल्यावरच्या मोठ्या वर्गात नेली. लेखापाल दारातच अडला. हा माणूस नियमांच्या बाबतीत इतका काटेकोर होता की स्वतःला शिंक आली तरी ती रजेच्या दिवशी यावी असं त्याला वाटत असेल.

"बाई, हे गोपनीय असतं."

"कोणापासून?"

"म्हणजे... सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारणपणे दारंही आतून उघडतात," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दहापर्यंत वर्ग भरला. पहिल्या वर्षाची मुलं तर होतीच, त्यांचा तो तासच होता. मागून दुसऱ्या वर्षाचे आले, ग्रंथालयातले आले, उपाहारगृहातला चहावाला हात पुसत येऊन भिंतीला टेकला. टिटवी आणि तिच्या दोघी मैत्रिणी समोरच्या बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी बाईंनी एक रिकामी खुर्ची ठेवली आणि शिपायाला वर पाठवलं.

शिपाई परत आला. "साहेब म्हणतात, वेळ नाही."

"त्यांना जाऊन सांग, समितीपुढे मुद्दा आहे की मंगळवारी दाराचा निरोप त्यांना पोचला होता की नाही. रखवालदार आता म्हणतोय की तो वर गेलाच नव्हता. मुली म्हणतात गेला होता. तुम्ही आला नाहीत तर समिती मुलींचं म्हणणं खरं धरेल."

रखवालदार कोपऱ्यात उभा होता. त्यानं मान इतकी खाली घातली होती की त्याच्या टोपीचा फक्त वरचा भाग दिसत होता. बाईंनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ज्याची नोकरी एका शब्दावर टांगलेली आहे त्याच्याकडून सत्य पिळून काढायचं आणि त्याला शौर्य म्हणायचं, याची त्यांना चीड होती.

संचालक आले. दारात गर्दी बघून त्यांचा चेहरा ताठ झाला, पण सगळ्यांसमोर परत फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खुर्चीवर मात्र बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"हा काय तमाशा आहे, बाई?"

"तास आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वेळ ठाऊक आहे या तासाची. तुमचं म्हणणं मांडा. मला खोलीत सांगितलंत ते सगळ्यांना सांगा."

आणि संचालकांनी मांडलं, छान मांडलं. पुढारीपणाची सवय होती, आवाज भरदार होता. करार, सुरक्षितता, नियम. एकानं नियम मोडला की दुसरा मोडतो, आणि शेवटी जो तो आपापल्या मनाला येईल तसं वागतो. अशा ठिकाणी कोणाचीच मुलगी सुखरूप राहत नाही. मागची काही मुलं माना डोलवायला लागली. लेखापालानं तर वाक्य संपायच्या आतच डोलावली.

"झालं?" बाई म्हणाल्या. वर्ग पुढे झुकला. "करार म्हणालात. मग मला सांगा, तो करार कशासाठी केला होता? ज्या माणसानं राजाच्या हाती सगळं सोपवावं असं लिहिलं, ज्याच्याइतका कडक कोणी झाला नाही, त्यानंही एक गोष्ट राजाला दिली नव्हती. कोणती?"

संचालकांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"तुम्हाला ठाऊक आहे. याच वर्गात तुम्ही मला त्यावर घंटा होऊन गेल्यावरही अडवलं होतं."

"स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क," टिटवी म्हणाली.

"तुला विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारलंय."

"पण बाई," संचालक म्हणाले, आणि मागच्या बाकांवर कोणीतरी फुसकन हसलं, कारण ते टोपणनाव इतक्या वर्षांत खालपर्यंत झिरपलं होतं. संचालकांचे कान लाल झाले. "पण तो हक्क त्या आजारी मुलीचा. दार तोडणाऱ्यांचा नाही. त्यांच्या जिवाला काय झालं होतं?"

"चांगला मुद्दा आहे," बाई म्हणाल्या, आणि तो होताच. "म्हणजे श्वास अडकलेल्या मुलीनं स्वतः उठून बाक उचलायला हवं होतं."

"तसं नाही. त्यांनी थांबायला हवं होतं. योग्य व्यक्तीला कळवायला हवं होतं."

"कळवलं होतं का?"

"बाई, प्रश्न तो नाही—"

"प्रश्न तोच आहे. निरोप मिळाला होता का तुम्हाला?"

एक साधं 'नाही' पुरलं असतं. रखवालदारानं त्याची सोय आधीच करून ठेवली होती. पण समोर बाई होत्या, हाच वर्ग होता, आणि या माणसाला आयुष्यात एकदाही हरलेल्या बाजूला बसणं जमलं नव्हतं. खोटं बोलून सुटणं म्हणजे वाद सोडून पळणं. त्यापेक्षा त्यानं वाद जिंकायचा प्रयत्न केला.

"मिळाला," संचालक म्हणाले. "हो, मिळाला. मग? वर पाहुणे होते. या इमारतीचं छप्पर ज्यांच्या जिवावर उभं राहणार आहे ते पाहुणे. दर वेळी कोणी दार बडवलं की मी किल्ली घेऊन खाली धावायचं? या मुली आठवड्यातून दोनदा दार बडवतात! कधी आईस्क्रीम हवं असतं, कधी फोनचं चार्जर. मी ठरवलं की थांबू शकतं. ठरवायचा अधिकार माझा आहे. कोणीतरी ठरवायला नको?"

रखवालदारानं मान वर केली आणि पहिल्यांदाच सगळ्यांकडे बघितलं. एवढ्या दिवसांचं ओझं मालकानंच येऊन उचलल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"किल्ली कुठं होती तुझी?" बाईंनी विचारलं. त्या तू म्हणाल्या हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"खिशात."

"खिशात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पुढच्या बाकालाही धड ऐकू येत नव्हता. "एक मजला खाली एक पोर श्वासासाठी तडफडतेय आणि तू किल्ली खिशात घालून पाहुण्यांना बिस्किटं देतोयस. आणि वर म्हणतोस करार! अरे, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस लिफ्टशी करार करून आत गेलेला असतो का? ज्याला बाहेर पडता येत नाही त्याच्या 'हो' ला काय किंमत आहे? मी तुला हे शिकवलं नव्हतं. मी तुला वाचायला शिकवलं आणि तू त्यातून तुला हवं तेवढंच फाडून घेतलंस."

"माझ्याशी नीट बोला, बाई. मी इथला संचालक आहे."

"म्हणूनच या खुर्चीत बस म्हणतेय."

तो बसला नाही. तो निघून गेला, आणि त्याला वाट द्यायला दारातली गर्दी बाजूला झाली. पण पूर्वीसारखी पटकन नाही.

मतं घ्यायची वेळ आली. लेखापालानं मुलींविरुद्ध मत दिलं. मालमत्तेचं नुकसान सिद्ध झालंय, बाकी गोष्टी विषयाबाहेरच्या आहेत, असं म्हणून त्यानं हात झटकले. बाईंचं मत सगळ्यांना माहीत होतं. उरले खेळाचे सर. हा माणूस एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसायचा, गळ्यात शिट्टी अडकवून चार भिंतींच्या आत अवघडून बसायचा.

"माझ्या मैदानावर पोरगं पडलं तर मी आधी धावतो," ते म्हणाले. "मग बघतो शिट्टी कोणी वाजवायची. मुलींना सोडा."

मुली राहिल्या. कुलूप गेलं, दाराला आतून कडी बसली. विश्वस्त मंडळानं समितीचे आभार मानले आणि कळवलं की संचालकांच्या वागण्याचा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही. संचालक आपल्या जागी राहिले. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं तेव्हा त्यात पाश्चात्त्य राजकीय तत्त्वज्ञानाची ओळख नव्हती. विद्यार्थ्यांकडून मागणी नाही, असं कारण तोंडी सांगण्यात आलं. बाईंना कार्यालयीन पत्रव्यवहार हा विषय मिळाला.

जिन्यात एकदा संचालक समोरून आले. एकटेच होते. थांबले.

"बाई, झालं गेलं. राग सोडा आता."

"नाही सोडणार," बाई म्हणाल्या. "मला लागणार आहे तो."

सत्र सुरू होऊन पंधरवडा झाला तरी चिमणी आली नव्हती. टिटवीनं फोन केले, कोणी उचलले नाहीत. ज्या मुलीपायी एवढं रामायण झालं तीच नाही, हे बाईंना चैन पडू देईना. एका रविवारी त्या बसनं तिच्या गावी गेल्या.

वडिलांचं ट्रकच्या टायरांचं दुकान होतं, मागे घर. माणूस सभ्य होता. बाईंना बघून त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मग बसायला खुर्ची दिली. आईनं चहा केला. चिमणी आतल्या दारात उभी राहिली. तब्येत बरी दिसत होती, गालांवर रंग आला होता.

"कुलूप काढलं म्हणे तिथलं," वडील म्हणाले.

"काढलं. आता काळजीचं कारण नाही. तुम्ही हिला पाठवा."

"आता कशी पाठवणार?" त्यांना प्रश्नच कळेना. "बाई, कुलूप होतं म्हणून तर पाठवली होती. दोन ठिकाणी चौकशी केली मी. जिथं सातला बंद करायला तयार झाले तिथं टाकली. गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी तक्रार केली ना आम्ही काही पालकांनी, तेव्हा कुठं लागलं ते. आणि तुम्ही काढून टाकलंत."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. इतके दिवस त्यांचा राग एका माणसावर होता आणि त्याचा चेहरा त्यांना पाठ होता. इथं समोर धुतलेल्या हातांचा, थकलेला, मुलीवर जीव असलेला माणूस बसला होता, आणि तो म्हणत होता की ते कुलूप मीच घातलं.

"तुमची मुलगी त्या कुलपापायी मेली असती."

"देवाच्या दयेनं वाचली. कुलूप नसतं तर काय काय झालं असतं ते कोणी सांगावं? बाहेरचं जग तुम्हाला माहीत नाही असं नाही."

"तुम्ही तिला विचारलं होतं?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल!"

"बाई," वडील समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाप आहे मी तिचा. वाईट चिंतीन का?"

वर्गात याचं उत्तर होतं, फळ्यावर मांडून दाखवता आलं असतं. बाप आणि राजा यांत फरक कोणता, यावर त्यांनी कित्येक तास घेतले होते. पण या घरात, टायरच्या रबराच्या वासात, ते शब्द तोंडात आणणंच चिल्लर वाटलं. आपण हरलो, आणि तेही भांडायला कोणी वाईट माणूस न मिळता हरलो, याचा त्यांना असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या.

"मी सोडते बाईंना थांब्यापर्यंत," चिमणी म्हणाली.

दोघी थांब्यावर पोचल्या. बस आली. बाई चढल्या, खिडकीजवळ बसल्या, आणि हात हलवायला बाहेर बघतात तो थांब्यावर कोणी नाही. चिमणी त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. पायांत घरातल्या चपला, खांद्याला छोटी पिशवी, तिच्यात पंप, फोन आणि आत कोंबलेला एक ड्रेस.

"अगं!" बाई म्हणाल्या. "घरी काय सांगशील?"

"सांगते आता."

"मी काही तुला चल म्हटलं नव्हतं."

"नव्हतंच म्हटलं. मी एकोणीस वर्षांची आहे, बाई."

बस गावाबाहेर पडली तेव्हा तिनं फोन लावला. पलीकडचा आवाज पुढच्या दोन रांगांना ऐकू गेला. मघाचा तो सभ्य माणूस ओरडत होता, तुला कळतं का, त्या बाईनं फूस लावली, आत्ता उतर, आत्ताच्या आत्ता उतर, मी येतोय. तिकीट फाडणारा माणूस थबकला. चिमणीनं फोन मांडीवर ठेवला आणि आतला आवाज थांबेपर्यंत समोरच्या सीटकडे बघत राहिली. मग तो कानाला लावला.

"ऐकलं, बाबा. आता माझं ऐका. बाईंनी नेलं नाही. मी चाललेय. त्या दिवशी आत मी होते, तुम्ही नव्हता. कुलूप हवं की नको ते मला विचारायचं होतं." तिचा तो बारीक आवाज मध्येच फाटला, पण ती थांबली नाही. "वाईट चिंतता असं मी म्हणत नाही. पण विचारायचं होतं. रविवारी येईन. आईला सांगा, माझी गादी उन्हात घाल."

पलीकडून फोन बंद झाला. चिमणीनं तो पिशवीत टाकला. बाईंनी तिच्याकडे वळून बघितलं.

"घाबरलीस?"

"नाही," चिमणी म्हणाली. तिनं दातओठ आवळले होते. "राग आलाय. एवढा राग आलाय ना बाई, काय करू कळत नाहीये."

बाई उठल्या आणि त्यांनी तिला खिडकीची जागा दिली.